नवा हवा, पण निवडून येणारा हवा

तारोडीत निवडणूक आली की सर्वांत आधी धारावी देवीला कळतं. एरवी तिच्यापाशी मागणं मागायला येणारी माणसं चालत येतात, रिक्षाने येतात, नाहीतर भाईंदर पश्चिमेहून सुटणाऱ्या बसने धक्के खात येतात. निवडणुकीच्या हंगामातली मंडळी पांढऱ्या गाड्यांच्या ताफ्यातून येतात आणि त्यांनी काढून ठेवलेल्या चपला सांभाळायलासुद्धा दोन माणसं असतात. नारळ फुटतो, फोटो निघतो, कपाळाला अंगारा लागतो आणि तो पुसायच्या आत ताफा डोंगरीच्या चर्चकडे वळतो. तिथे मेणबत्ती. मग उत्तनच्या बंदरावर होडीच्या काठाला हात लावून एक फोटो, एका मावशीच्या हातातला पापलेट धरून दुसरा. दुपारी बाराच्या आत देवी, येशू आणि समुद्र असे तिघेही आटोपलेले असतात. पक्ष कोणताही असो, क्रम हाच. उमेदवार अपक्ष असला तर गाड्या तेवढ्या कमी.

हे सगळं धारावी बेटावर घडतं. मुंबईतली धारावी वेगळी, हे आम्हाला प्रत्येक पाहुण्याला सांगावं लागतं आणि त्यानंतर पाहुण्याचा आमच्यातला रस कमी झालेला दिसतो. बाहेरून येऊन इथे जम बसवायची परंपरा मात्र जुनी. पोर्तुगीज आले, राहिले, चर्च बांधून बसले. मग चिमाजी आप्पांची फौज आली. बेटावरच्या चौक गावाच्या टोकाला उभं राहिलं की खाडीपलीकडे वसई समोर दिसते, त्यामुळे 1739 मध्ये वसई घेण्याआधी त्यांना इथला धारावीचा किल्ला घ्यावा लागला. बाहेरून येऊन इथल्या प्रस्थापितांना उखडून टाकणारे ते बहुधा शेवटचेच. त्यांना तिकीट लागलं नाही. पण फौज लागली, हे नाक्यावरच्या चर्चेत नेहमी राहून जातं.

नाक्यावरची चर्चा एकाच विषयावर असते: सगळे एकाच माळेचे मणी, आता कोणीतरी नवा माणूस पाहिजे. या वाक्याला विरोध केलेला माणूस मी अजून पाहिलेला नाही. पक्षांचे कार्यकर्तेसुद्धा मान डोलावतात. फक्त तो नवा माणूस आपल्या पक्षाचा असावा असं मनातल्या मनात म्हणतात.

वैतागाला कारणंही आहेत. ग्रामपंचायत होती तेव्हा सरपंचाला शिव्या द्यायच्या तर त्याच्या ओट्यावर जाऊन देता येत. चहा मिळे, शिव्यांची धार कमी होई आणि कधीकधी कामही होई. 1985 मध्ये मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, पुढे आमच्या बाजूची गावं तिच्यात गेली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेपर्यंत शहराची वस्ती 8 लाखांच्या वर गेली होती. त्या 8 लाखांत तारोडी म्हणजे हिशेब करणाऱ्या कार्यकर्त्याच्या वहीतली शेवटून दुसरी ओळ. मीरा रोडच्या एखाद्या मोठ्या संकुलात लिफ्टने वर-खाली करून जेवढी मतं एका संध्याकाळी गोळा होतात, तेवढ्यासाठी इथे टेकडी चढावी लागते, वाड्यावस्त्या फिराव्या लागतात, कुत्र्यांची समजूत काढावी लागते आणि प्रत्येक ओट्यावर पाणी प्यावं लागतं. साहजिकच उमेदवार देवीला भेटून समाधान मानतो. ती मतदार नाही, पण तिच्याबरोबरचा फोटो सगळ्या मतदारांना पोचतो.

त्यात मेट्रो. मेट्रो 9 ची कारशेड आधी राई-मुर्धे-मोर्व्याच्या बाजूला होणार होती. त्या गावांनी विरोध केला, म्हणून ती डोंगरीच्या डोंगरावर सरकली. तिथे 12 हजारांवर झाडं जाणार म्हटल्यावर आमच्या बाजूने विरोध सुरू झाला. त्या दिवसांत नाक्यावर भेटणारा प्रत्येक पुढारी मेट्रोच्याही बाजूचा होता आणि झाडांच्याही. झाडं राहावीत, मेट्रो यावी, विरोधकांना सुबुद्धी मिळावी, असा त्रिसूत्री कार्यक्रम सगळ्यांचा. कारशेड नेमकी कुठे ठेवायची एवढंच कोणी बोलत नसे. एका आजोबांनी ती समुद्रात ठेवा असं सुचवलं, तेव्हा समोरच्याने ते गंभीरपणे मोबाईलमध्ये टिपून घेतलं.

आणि राग काढायचा तर काढायचा कोणावर? ऑगस्ट 2022 मध्ये महापालिकेतल्या नगरसेवकांची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली ती जानेवारी 2026 मध्ये. मधली तीन वर्षं आणि वर काही महिने कारभार प्रशासकांकडे. म्हणजे नळाला पाणी नाही, गटार तुंबलंय, कचऱ्याची गाडी आली नाही, आणि शिवी द्यायला माणूस नाही. आयुक्तांना शिवी देणं फार औपचारिक वाटतं. तिला जावक क्रमांक लागतो. लोक सवयीने माजी नगरसेवकाच्या दारात जात. तो हात वर करून म्हणे, "माझ्या हातात आता काय आहे?" असतानाही तो हेच म्हणायचा, पण तेव्हा निदान भांडता येत होतं. फलकांवर मात्र या मंडळींची नावं तशीच होती. 'माजी' हा शब्द 'नगरसेवक' या शब्दाच्या खांद्यावर इतका बारीक बसवलेला असे की तो वाचायला मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी करून घ्यावं लागे. (त्याचंही मोफत शिबिर त्याच फलकावर.)

अशा वातावरणात नवा माणूस हवा असं वाटणं स्वाभाविकच आहे. मीरा-भाईंदरने तर ते करून दाखवलं. 2019 च्या विधानसभेला भाजपचे विद्यमान आमदार नरेंद्र मेहता यांना आमच्या मतदारसंघाने घरी बसवलं आणि गीता जैन या अपक्ष उमेदवाराला 15 हजारांवर मतांनी निवडून दिलं. बाहेरगावच्या माणसाला एवढं सांगितलं की तो भारावतो. लोकशाहीवरचा विश्वास वाढला म्हणतो. मग त्याला उरलेलं सांगावं लागतं. गीता जैन भाजपच्याच नगरसेविका, भाजपच्याच माजी महापौर, तिकीट न मिळाल्याने अपक्ष. निकाल लागल्यावर पाठिंबा भाजपला. 2020 मध्ये शिवसेनेत. शिवसेनेतल्या 2022 च्या उलथापालथीत शिंदे यांच्या बाजूला. 2024 ला पुन्हा तिकीट मेहतांना, पुन्हा जैन अपक्ष. पण या खेपेस मेहता 60 हजारांवर मतांनी आले आणि जैन तिसऱ्या क्रमांकावर गेल्या. म्हणजे पक्षाला धडा शिकवायचा म्हणून आम्ही ज्या बाई निवडल्या, त्या त्याच शाळेतल्या होत्या.

यात त्यांचा दोष फारसा नाही. आमची मागणीच तशी होती. महाराष्ट्रात अपक्ष म्हणून निवडून येणारा माणूस बहुतेक वेळा लग्नात रुसलेल्या मामासारखा असतो. मांडवाबाहेर खुर्ची टाकून, तोंड रस्त्याकडे करून बसलेला. बघणाऱ्याला वाटतं हा वऱ्हाडातला नाहीच. पण त्याचे कान पंगतीकडे लागलेले असतात आणि कोणी मनवायला आलं तर किती वेळ नको म्हणायचं हे त्याचं ठरलेलं असतं. पक्षवाल्यांनाही ते ठाऊक असतं. पक्षाच्या उमेदवारीचे एबी फॉर्म वाटायच्या रात्री ज्याला फॉर्म मिळाला नाही तो सकाळी अपक्ष अर्ज भरतो, फोन बंद करतो आणि वर्तमानपत्रात 'नॉट रिचेबल' होतो. अर्ज मागे घ्यायच्या दिवसापर्यंत त्याला शोधायला मोठमोठी माणसं निघतात. सापडला तर दुसऱ्या दिवशी 'बंडोबांचे थंडोबा' असा मथळा, न सापडला तर जनतेचा उमेदवार. जनतेचा उमेदवार व्हायचं की नाही हा निर्णय, थोडक्यात, मोबाईल चालू होता की बंद यावर ठरतो.

हे आमच्या बेटापुरतं नाही. 1995 च्या विधानसभेत 45 अपक्ष निवडून आले होते. त्यातले बरेचसे काँग्रेसचे बंडखोर, आणि सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या सरकारला टेकू त्यांच्यातल्याच अनेकांचा. 2024 च्या लोकसभेला सांगलीत विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि भाजप व ठाकरेंची शिवसेना दोघांनाही भारी पडले. सगळ्या व्यवस्थेच्या विरुद्ध एकटा लढणारा हा तरुण वसंतदादा पाटलांचा नातू. आजोबा मुख्यमंत्री, वडील खासदार, भाऊ केंद्रात मंत्री. चिन्ह मिळालं लिफाफा. जिंकल्यावर त्यांनी पाठिंब्याचं पत्र काँग्रेसला दिलं. लिफाफा आधीपासून हाताशी होताच.

अस्सल बाहेरचा म्हणता येईल असा माणूस आम्ही खाडीपलीकडे पाहिला तो 2004 मध्ये. उत्तर मुंबई मतदारसंघ तेव्हा वसई-विरारपर्यंत पसरलेला होता. राम नाईक तिथून सलग पाच वेळा निवडून आलेले, पेट्रोलियम मंत्री. लोकल गाड्यांचे प्रश्न लावून धरणारा माणूस अशी ख्याती. त्यांच्यासमोर काँग्रेसने गोविंदाला उभं केलं. विरारचा पोरगा, राजकारणाचा वारा न लागलेला. लोकांनी त्याला जवळजवळ 50 हजार मतांनी निवडून दिलं. पुढची पाच वर्षं वसई-विरारकर आपला खासदार नियमितपणे पाहत होते, पडद्यावर. तक्रार सांगायला गेलेल्या माणसाला तो भेटत नव्हता, पण भेटला असता तर नाचला असता, ही भावना मतदाराच्या मनात शेवटपर्यंत टिकली. नंतर गोविंदाने राजकारण सोडलं आणि 2024 मध्ये शिंदेंच्या शिवसेनेतून पुन्हा धरलं. राम नाईक उत्तर प्रदेशाचे राज्यपाल झाले. लोकल गाड्या होत्या तिथेच भरून वाहतायत.

त्याच वसईत 2009 मध्ये श्रमजीवी संघटनेचे विवेक पंडित अपक्ष म्हणून निवडून आले. हितेंद्र ठाकूर यांच्या साम्राज्याला धक्का देणारा हा माणूस चळवळीतला होता, हे खरंच. पण त्या विजयामागे शिवसेना-भाजपचा पाठिंबाही होता, हेही खरं. पुढे 2014 ला ठाकूर परत आले. 2024 ला त्यांना थोड्या मतांनी हरवलं ते स्नेहा दुबे पंडित यांनी. त्या विवेक पंडितांच्या कन्या आणि उमेदवार भाजपच्या. चौकच्या टोकावरून हे सगळं नीट दिसतं. चिमाजी आप्पांच्या वेळेपासून वसईवर नजर ठेवायला ही जागा उत्तमच आहे.

ज्याच्या मागे मांडव नाही, मामेकूळ नाही, सिनेमा नाही, अशा माणसाचं काय होतं? पहिल्यांदा त्याला चिन्ह मिळतं. पक्षांची फुलं, हात, धनुष्यं, मशाली वाटून झाल्यावर जे उरतं ते मुक्त चिन्हांच्या यादीत असतं: भेंडी, फ्लॉवर, ढोबळी मिरची, नेलकटर, टूथपेस्ट, दारावरची बेल, नूडल्सचा वाडगा. भ्रष्टाचाराच्या विरोधात आयुष्यभर लढलेल्या, माहिती अधिकाराचे अर्ज करून करून चष्म्याचा नंबर वाढवून घेतलेल्या माणसाला दहा-बारा दिवसांत घरोघर जाऊन सांगायचं असतं की बदल हवा असेल तर भेंडीसमोरचं बटण दाबा. घरातली माणसं ऐकून घेतात. आतून आवाज येतो, "कोण आलंय?" "भेंडीवाला." "पाव किलो घे."

चिन्हाने माणसं बुडतात तशी तरतातही. 2024 च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस, आणि काही अपक्षांना मिळालेल्या ट्रम्पेटचंही मराठी नाव तुतारीच. दिंडोरीत भगरे आडनावाच्याच एका अपक्षाला ती तुतारी मिळाली आणि त्याला 1 लाखावर मतं पडली. ना सभा, ना फलक, ना ओळख. जिंकले ते पवारांच्या पक्षाचे खरे भास्कर भगरेच, पण एवढी मतं घेणारा दुसरा अनोळखी उमेदवार त्या निवडणुकीत शोधून काढावा लागेल. 2014 मध्ये रायगडात सुनील तटकरे 2,110 मतांनी पडले, तेव्हा त्यांच्याच नावाच्या एका अपक्षाने 9,849 मतं घेतली होती. नवख्या माणसाने मराठी मतदाराला सामूहिकरीत्या जिंकल्याची ही उदाहरणं. आपण कोणीतरी वेगळे आहोत असं सांगणाऱ्याला हजार मतं पडत नाहीत आणि आपण कोणीतरी दुसरेच आहोत असं वाटणाऱ्याला लाख पडतात.

महापालिकेत तर त्याहून गंमत. इथे बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक निवडायचे, म्हणजे मतदाराने चार वेळा बटण दाबायचं. पक्षांना हे सोयीचं असतं. सरळ खाली उतरत एकच चिन्ह दाबत जा म्हणून सांगता येतं. एकट्या अपक्षाला सांगावं लागतं, की 'अ' मध्ये कोणालाही द्या, 'ब' मध्ये कोणालाही द्या, 'क' मध्ये मला द्या, आणि 'ड' विसरू नका, नाहीतर यंत्र बीप करणार नाही. एवढ्या सूचना आमच्याकडे औषधाच्या गोळ्यांनासुद्धा कोणी पाळत नाही. त्यातून प्रभाग इतका मोठा, की एकट्याने पायी फिरायचं तर त्याने मागच्या निवडणुकीतच निघायला हवं. 2026 च्या निवडणुकीत मीरा-भाईंदरला भाजपचं एकहाती बहुमत आलं. तीन वर्षं साठवलेला वैताग गेला कुठे, हे कोणालाच विचारता येत नाही, कारण नाक्यावर मतदान केलेला प्रत्येकजण म्हणतो, मी तर दुसऱ्याला दिलं होतं.

आणि तरीही एखादा निघतो. 2007 मध्ये मुंबईत जुहूच्या रहिवाशांनी आपसात ठरवून अ‍ॅडॉल्फ डिसोझा नावाचा नागरिकांचा उमेदवार उभा केला आणि पालिकेत निवडून पाठवला. ही गोष्ट आमच्या नाक्यावर दरवेळी सांगितली जाते आणि दरवेळी पुढचं वाक्य तेच असतं: "ते जुहू आहे हो."

या वाक्याशी सगळं अडतं असं माझं मत आहे. आम्हाला नवा माणूस हवा असतो, अगदी मनापासून हवा असतो, आणि तो समोर आला की आम्ही पहिला प्रश्न विचारतो, निवडून येणार का? माणूस प्रामाणिक आहे? शंभर टक्के. कामाचा आहे? रात्री दोनला फोन केला तरी येतो. मग मत देणार? छे, वाया कशाला घालवायचं? मत वाया जाऊ नये याची काळजी घेणारा मतदार ज्याला हमखास निवडून येणार म्हणून मत देतो, त्याच्यावर मग पाच वर्षं वैतागतो. त्याच्याकडे माणसं हवीत, पैसा हवा, वर ओळख हवी, बूथवर पोरं हवीत, आणि एवढं सगळं असूनही तो प्रस्थापित मात्र नको. अशी व्यक्ती एकच असते: कालपर्यंत प्रस्थापित असलेली. म्हणून मामाच्या खुर्चीभोवती गर्दी होते.

'नोटा'चं, म्हणजे 'वरीलपैकी कोणी नाही' या बटणाचं, आकर्षण मला याच कारणाने कळतं. तो खरा बाहेरचा. त्याचा फलक नाही, वाढदिवस नाही, भाचा ठेकेदार नाही. 2019 ला लातूर ग्रामीणमध्ये तो 27 हजारांवर मतं घेऊन चक्क दुसरा आला. राज्य निवडणूक आयोगाने 2018 मध्ये ठरवलं की स्थानिक निवडणुकीत नोटाला सर्वाधिक मतं पडली तर पुन्हा निवडणूक घ्यायची. आमच्या एका मावशींना हे समजावून सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा सगळे येणार? पुन्हा हात जोडणार? नको रे बाबा, एकदाच निवडून टाक कोणाला तरी."

मध्यंतरी नाक्यावर फारच तापलं. पाणी दोन दिवस आलं नव्हतं. तेव्हा एकाने आमच्या निवृत्त मास्तरांकडे बोट दाखवलं.

"पुढच्या विधानसभेला मास्तरच उभे राहणार. ठरलं!"

टाळ्या पडल्या. रिक्षावाला म्हणाला, प्रचाराला माझी रिक्षा फुकट. चहावाल्याने मास्तरांचे पैसे घेतले नाहीत. मास्तर शिक्षक असल्याने नियम वाचून आले होते. कोणीतरी असं म्हणेल याची ते बहुधा काही वर्षं वाट पाहत असावेत.

"अनामत 10 हजार," ते म्हणाले. "एक षष्ठांश मतं पडली नाहीत तर जप्त. ते मी पेन्शनमधून भरीन. पण अपक्षाला दहा सूचक लागतात. याच मतदारसंघातले. दहा सह्या हव्यात."

"एवढंच ना? आत्ता घ्या!"

मास्तरांनी पिशवीतून कोरा कागद काढला, त्यावर एक ते दहा आकडे घातले आणि पेन पुढे केलं. रिक्षावाल्याने ते घेतलं, पहिल्या ओळीकडे पाहिलं आणि चहावाल्याकडे दिलं. चहावाल्याचे हात ओले होते, त्याने ते मावशींकडे दिलं. मावशींनी कंपनीत सुपरवायझर असलेल्या मुलाकडे दिलं, त्याने पलीकडे बसलेल्या भावाकडे. बाकाला एक फेरी मारून पेन परत मास्तरांच्या हातात आलं.

"सही करतो ना मास्तर," रिक्षावाला म्हणाला. "नाही कुठे म्हणतोय? दहावी माझी लिहून ठेवा."

"नववी माझी," चहावाला म्हणाला.